उपोषण सोडवायचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे आणि मी रागावलेलो आहे.

निबंधाच्या वहीत तुम्ही आजवर फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं आणि पडक्या किल्ल्याचं मनोगत लिहिलं असेल. ती सगळी मंडळी शेवटी रडतात. मी रडणार नाही. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला तेवढं सांगतो. ऐकून झाल्यावर रडायचं की आणखी काही करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या भट्टीत झाला. तिथली फक्त धग आठवते. मग गवत भरलेल्या खोक्यात बसून मी भावंडांबरोबर नळदुर्गला आलो, हमरस्त्यावरच्या एका धाब्यावर. तिथं मी ताक द्यायचो. हैदराबादकडे निघालेले ट्रकवाले मला एका दमात रिकामा करायचे, मिशी पुसायचे आणि निघायचे. ताक चांगलं असलं तर "अजून एक" म्हणायचे, पाणचट असलं तर शिवी द्यायचे. फोटो कुणी काढला नाही. पण कामाची इतकी सरळ पावती पुढं मला कधीच मिळाली नाही.

धाबा बंद पडला. भांडी विकायला निघाली तेव्हा कल्याणप्पाने आम्हाला उचललं. भावंडं वाटेत फुटली, मी तेवढा धाराशिवला पोचलो.

कल्याणप्पा सीमेकडच्या गावचा. कपाळावर विभूती, घरात कानडी, गाड्यावर मराठी आणि वैतागला की दोन्ही. त्याचा रस-सरबताचा गाडा एका मोठ्या कचेरीच्या फाटकासमोर उभा असतो. फाटकाशेजारी कडुलिंबाचं झाड आहे. त्या झाडाखाली बारा महिने उपोषणं चालतात. आंब्याला मोसम असतो, उपोषणाला नसतो.

तुम्ही लहान आहात, म्हणून एक रीत समजावून सांगतो. आपल्याकडे उपोषणाला माणूस स्वतः बसतो, पण स्वतः उठत नाही. त्याला मोठ्या माणसाने उठवावं लागतं. मोठा माणूस गाडीतून येतो, आश्वासन देतो आणि रसाचा पेला उपाशी माणसाच्या ओठाला लावतो. टाळ्या पडतात. तोच रस उपाशी माणूस आपल्या हाताने प्यायला, तर लोक म्हणतात उपोषण मोडलं. मोठ्याच्या हाताने प्यायला, तर सुटलं. रस तोच, घसा तोच. सगळा महिमा हाताचा.

पूर्वी हे काम स्टीलचे पेले करत. पण फोटोवाल्यांची तक्रार आली की आत काय आहे ते दिसत नाही, साहेब पाणी पाजतात का चहा, वाचकाला कसं कळणार? म्हणून कल्याणप्पाने मला वेगळं काढलं. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं. साध्या गिऱ्हाइकाला मी मिळत नसे. "कल्याणप्पा, उपोषणाचा पेला द्या," अशी हाक आली की मोसंबी पिळली जायची आणि मी मिरवत मांडवात जायचो. मोसंबी महाग असेल तेव्हा पुडीतल्या पिवळ्या भुकटीचं सरबत असायचं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

मी फार फार पाहिलं. साखळी उपोषणवाले पाळीपाळीने उपाशी राहायचे. सकाळचा माणूस दुपारी जेवायला जायचा आणि दुपारचा जेवून यायचा. लाक्षणिक उपोषणवाले घरून पोहे खाऊन यायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत लोकशाही वाचवून परत जायचे. सगळेच ढोंगी होते असं मुळीच नाही. तसं असतं तर मला राग आला नसता, नुसता कंटाळा आला असता.

राजशेखर नावाचा एक तरुण होता. कॉलेजातला, काटकुळा. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणात अळ्या निघाल्या म्हणून तो बसला, तेव्हा मांडव नव्हता, झाडाची सावली होती. सहाव्या दिवशी त्याला उठून बसता येत नव्हतं. मी त्याच्या ओठाला लागलो तेव्हा ते ओठ भेगाळलेले होते, मला खरखर लागली. पोरांना नवा आचारी मिळाला. तो रस मी आजही अभिमानाने आठवतो.

पुढं राजशेखरचे शेखरभाऊ झाले. अंगावर जाकीट आलं, मागं पोरं आली. ते वर्षाकाठी दोनतीनदा बसायचे. प्रत्येक वेळी मांडव थोडा मोठा असायचा आणि उपोषण थोडं लहान. फलकावर भाऊंचा फोटो दाराएवढा असायचा आणि मागण्या पायपुसण्याएवढ्या. मला त्यांचे ओठ ओळखीचे झाले होते. ते पुन्हा कधी खरखरले नाहीत.

आणि मग गेल्या चैत्रात भाऊंच्या शेजारी विठाबाई येऊन बसल्या.

विठाबाई वाशी तालुक्यातल्या कुरणवस्तीच्या. साठीच्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. वस्ती आणि शाळा यांच्या मधे ओढा आहे. ओढ्यावर नळ्यांचा पूल होता, तो आदल्या पावसाळ्यात वाहून गेला. खाली बंधारा असल्यामुळे पाणी तुंबून राहतं, पार माघापर्यंत कमरेइतकं. पोरं कशीबशी पाण्यातून जात. पोरींची शाळा सुटली. नवे सिमेंटचे नळे काठावर येऊन पडले होते, पण बसवायला कुणी येईना. त्यात शेळ्या बसत. विठाबाईंची नात सोनाली सातवी पास होऊन घरात बसली होती. आणि घरात बसलेली पोर दिसली की पाहुण्यांना वस्तीचा रस्ता बरोबर सापडतो.

पहिल्या दिवशी कल्याणप्पाने विचारलं, "आक्का, तुमचं मागणं काय?"

"पूल."

"फलकावर तर लई लिवलंय."

"ते भाऊंचं. माझं येकच हाय. शाळा उघडायच्या आदी पूल पायजे. न्हायतर माझ्या सोनीचं लगीन लावत्यात. पाहुणे बगून बी गेले."

फलकावर पहिली मागणी सभागृहाची होती, दुसरी स्वागत कमानीची. पूल सर्वांत खाली होता, 'इत्यादी'च्या थोडा वर.

भाऊ उपाशी होते असं मी म्हणेन. मांडवामागं मोटार उभी होती आणि भाऊ अधूनमधून त्या मोटारीत विश्रांतीला जात, एवढंच मला माहीत. विठाबाई मात्र सतरंजीवरून हलल्या नाहीत. पाणी तेवढं पीत. चौथ्या दिवशी त्यांच्या पायाला सूज आली.

त्याच दिवशी एक मोठे नेते आले. आधी भाऊंना आपल्या गाडीत बसवून काचा वर केल्या. भाऊ खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा जेवल्यासारखा दिसत होता. मग भाषण झालं. पुलाचा विषय लवकरच मार्गी लावू, असं नेते म्हणाले. भाऊंचा विषय मात्र गाडीतच मार्गी लागला होता, एवढं मला कळलं. मी भाऊंच्या ओठाला लागलो. त्यांनी अर्धा रस पिऊन मला फोटोसाठी थोडा वेळ तसंच धरू दिलं. सराव दांडगा.

"मावशींना बी पाजा साहेब," फोटोवाला म्हणाला. "बाईमाणूस पायजे फोटोत."

नेत्यांनी मला विठाबाईंच्या तोंडापुढं धरलं. विठाबाईंनी तोंड मिटून घेतलं.

"कवा बसवणार नळं?"

"लवकरच."

"लवकर म्हंजी? पेरणीच्या आदी का मागनं?"

नेते हसले. "प्या मावशी. माझा हात दुखायला लागला."

"मग खाली ठिवा की."

पोरं हसली, भाऊंनी डोळे वटारले तशी गप्प झाली. भाऊ खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "विठाबाई, असं करू नका. साहेबांचा मान आहे. मी आहे ना मागं लागायला."

"तुमचं सुटलं न्हवं भाऊ? मग जावा तुमी. माझं कुठं सुटलंय?"

"मी तुमच्यासाठीच बसलो होतो."

"व्हय? मग माझ्या आदी कसं उठला?"

भाऊंचा चेहरा क्षणभर त्या काटकुळ्या पोरासारखा झाला. मला वाटलं, आता हा खाली बसेल. पण फोटोवाला म्हणाला, "भाऊ, उजेड चाललाय." भाऊंनी नेत्यांच्या हाताखाली आपला हात घातला आणि मला विठाबाईंच्या ओठावर दाबलं. त्यांनी मान फिरवली. मी सुटलो, मांडवाच्या खांबाशी ठेवलेल्या विटेवर आपटलो आणि काठाचा टवका उडाला. उरलेला रस सतरंजीवर सांडला. मुंग्या लगेच आल्या. त्या दिवशी त्या रसाचा खरा उपयोग त्यांनाच झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊ रस पीत होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुरणवस्तीच्या लढ्याला यश. कल्याणप्पाने मला त्याच पेपरात गुंडाळून गाड्याखाली टाकलं. फुटक्या काठाचा पेला आता कुठल्या साहेबाच्या हातात देणार?

कागद फाटका होता, त्यामुळे मला समोरचं दिसत होतं. मांडववाले आले. कनात सोडली, खांब काढले. एक जण विठाबाईंना म्हणाला, "मावशी, जरा उठा. सतरंजी घ्यायची हाय."

विठाबाई उठल्या. त्याने सतरंजी गुंडाळली. विठाबाई मातीवर बसल्या. मग पोलीस आला. परवानगी भाऊंच्या नावाची होती आणि ती संपली, असं त्याने सांगितलं, वहीत लिहिलं आणि तो गेला. माणूस उपाशी होता की नाही हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

मित्रांनो, त्या दिवशी फाटकातून शेकडो माणसं गेली. त्यांतल्या पुष्कळांनी तो पेपर वाचला होता. म्हणून कुणी थांबलं नाही. लढ्याला यश आलेलं असताना ही बाई इथं का बसली आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

त्याच्या पुढच्या दिवशी उन्हं चढल्यावर कुरणवस्तीच्या चारपाच बाया एसटीने आल्या. पुढं रुद्रम्मा होती, विठाबाईंची शेजारीण आणि तोंडाची फटकळ. तिच्या हातांवर लग्नघरची हळद अजून होती. तिची नात राजेश्वरी सोनालीच्याच वर्गातली, एकाच बाकावरची. तिचं लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. पेपरात यश छापून आलं, त्याच दिवशी.

"ऊठ," रुद्रम्मा म्हणाली.

"न्हाय उठत."

"मरतीस व्हय?"

"मेले तर मेले. पूल तर हुईल."

"पूल? अगं येडे, तू मेलीस तर भाऊ पुन्ना येऊन बसंल. तुझा फोटो लावंल. मांडव ह्याच्यापरीस मोटा घालंल, आन् त्यो तेवढा मोटा माणूस पुन्ना त्याला रस पाजंल. माझी राजी गेली. आता सोनीला कोण राखणार, तुझा फोटो?"

विठाबाईंनी तिच्या हळदीच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काय आणलंयस?"

"भाकर. ठेचा हाय."

"दे."

कल्याणप्पा गाडा सोडून धावत आला. "शिव शिव! आक्का, आसं आपल्या हातानं सोडत्यात व्हय? थांबा, कुणाला तरी बोलवून आणतो."

"कुणाला?"

"कुणीबी. मेंबर, मास्तर, वकील…"

"आप्पा, उपास माझा, पोट माझं. मग हात कामून उसना आणू?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. टाळ्या पडल्या नाहीत. घास घशात अडकला तसं कल्याणप्पाने हाताला येईल ते उचललं, आणि हाताला आलो मी. पेपर फाडून, विसळून, साध्या पाण्याने भरून त्याने मला पुढं केलं. मग टवका आठवून ओशाळला. "फुटका हाय ओ. टाकायचाच होता."

"टाकू नका. पाणी ऱ्हातंय न्हवं त्यात?" विठाबाईंनी मला फिरवून शाबूत बाजूने तोंडाला लावलं. त्यानंतर मी त्यांच्या पिशवीत गेलो.

पोट भरल्यावर विठाबाईंना पहिल्यांदा नीट राग आला. उपाशी माणसाला नीट रागावता येत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. माझं आयुष्य त्यातच गेलं होतं. त्या म्हणाल्या, "रुद्रे, ह्यांला उपाशी माणसाला उठवायचं ठाव हाय. येक पेला लागतोय. जेवल्याला माणूस कसा उठवत्यात, बगू की."

ज्या साहेबांच्या टेबलावर पुलाचं काम अडलं होतं, त्यांच्या कचेरीत बाया दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागल्या. पाळी लावून, रोज. घोषणा नाही, फलक नाही. दुपार झाली की साहेबांच्या दारातल्या व्हरांड्यात बसायचं, भाकरी सोडायची, कांदा फोडायचा आणि जेवायचं. पाणी माझ्यातून.

गोरोबा नावाचा शिपाई धावत आला. "ए मावशे, हितं जेवायला बंदी हाय!"

"मग सायेब डबा कुठं खात्यात?"

"आत."

"आमी आत बसू व्हय?"

गोरोबाने डोकं खाजवलं आणि साहेबांना बोलावून आणलं. साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "तुमची मागणी काय आहे?"

"पूल."

"निवेदन दिलं?"

"दिलं."

"उपोषण वगैरे?"

"केलं. सुटलं बी म्हणं. पेपरात आलंय."

"मग आता काय पाहिजे?"

"पूल."

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं, तुमचा नेता कोण? त्याला पाठवा, मी बोलून घेतो."

"कुणीच न्हाय."

"मग मी बोलायचं कुणाशी?"

"आमी हाव की हितं," रुद्रम्मा म्हणाली. "आमच्यासंगं बोला. मराठी येतं आमाला, कानडी बी येतं. कशात बोलताव?"

साहेब दोन्ही भाषा सोडून आत गेले. त्यांचा काही दोष नाही. नेत्याशी काय बोलायचं हे त्यांना पाठ होतं. ज्यांना पूल ओलांडायचा आहे त्यांच्याशी बोलायची सवय त्यांना कुणी लावलीच नव्हती.

असं वैशाखभर चाललं. कधी दोघी, कधी सहा जणी. भाऊंचा एक पोरगा येऊन सांगून गेला, "भाऊ म्हणाले, आंदोलनाला शिस्त पाहिजे. असं जेवत बसून चळवळीची बदनामी होते." रुद्रम्माने त्याला भाकरी देऊ केली. त्याने खाल्ली. पोरगा भुकेला होता. भाऊंच्या मागं फिरणाऱ्यांकडे भाऊंचं लक्ष नसे.

शेवटी साहेबांनी सही केली. त्यांना दया आली असं समजू नका. त्यांना दुपारचा डबा सुखाने खाता येईना. दार उघडं ठेवलं तर बाया दिसत, बंद केलं तर ठेच्याचा वास येई, आणि बाया रोज प्रेमाने विचारत, "या सायेब जेवायला." जिल्ह्याच्या कुठल्याही नियमात या वाक्यावर इलाज नव्हता.

शाळा उघडायच्या आठवड्यात मशीन आलं, नळ्यांतल्या शेळ्या उठल्या आणि पूल झाला. सोनाली आठवीत गेली. पाहुणे परत आले तेव्हा विठाबाईंनी त्यांना चहा दिला आणि पुलावरून वाटेला लावलं.

पुलावर लगेच फलकही लागला: शेखरभाऊंच्या आमरण उपोषणाची फलश्रुती. भाऊ उद्घाटनाला आले. भाऊंचं मरण अजून लांब असल्याचं फोटोत स्पष्ट दिसत होतं. त्यांचा माणूस विठाबाईंच्या घरी आला आणि म्हणाला, "त्यो ऐतिहासिक पेला तुमच्याकडं हाय म्हणं. भाऊला तेवढा फोटोपुरता पायजे."

"टवका हाय त्याला," विठाबाई म्हणाल्या. "भाऊचा ओठ कापंल."

मित्रांनो, अशा मनोगताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी 'आम्हाला जपा' असं म्हणायचं असतं. मला जपू नका. मी आता विठाबाईंच्या भिंतीतल्या दिवळीत आहे, रोज पाणी देतो, ते पुरे. पण पुढं कधी कुणाला रस पाजतानाचा फोटो पाहिलात, तर रस पिणाऱ्याकडे पाहू नका. फोटोच्या कडेला पाहा. तिथं कुणीतरी तोंड मिटून बसलेलं असतं, अर्धं कापलेलं. तिला शोधून विचारा, "तुमचं सुटलं का?" ती नाही म्हणाली, तर टाळ्या वाजवू नका. घरून भाकरी बांधून घ्या आणि तिच्याजवळ जाऊन बसा. तुमच्यासाठी लढणारा माणूस पूल झाल्यावर त्यावरून रोज जाणार आहे की एकदाच, हेही विचारून ठेवा.

परवा पंचमीला राजेश्वरी माहेरी आली होती. हातभर हिरवा चुडा. सोनाली शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि दोघी ओट्यावर बसल्या.

"आता काय चाललंय गं गणितात?" राजेश्वरीने विचारलं.

सोनाली सांगू लागली. राजेश्वरीने थोडा वेळ ऐकलं. मग उठून दिवळीतून मला घेतलं, पाणी प्याली, विसळून पालथं घातलं आणि म्हणाली, "जाते आता. दिवस बुडायच्या आत बोलावलंय."

ती गेली. पूल चांगला झाला आहे. सासरी परत जाताना तिला ओढ्यात पाय भिजवावा लागत नाही.